शिकारीचा जमाखर्च

ऑस्ट्रेलियाच्या खानेसुमारीत प्रौढ मनुष्याची रोजगाराविषयीची नोंद तीन रकान्यांपैकी एकातच होते: तो कामावर आहे, काम शोधीत आहे, अथवा श्रमशक्तीच्या बाहेर आहे. त्या खंडाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडच्या पाणथळ प्रदेशात, सकाळी शिकारीस निघालेला आणि दुपारी खांद्यावर वॉलबी, म्हणजे कांगारूच्या जातीचे लहान जनावर, टाकून परतणारा कुनिंजकू समूहातील गृहस्थ पहिल्या दोन रकान्यांत बसत नाही. म्हणून सरकारदरबारी त्याची रवानगी तिसऱ्यात होते, आणि ज्या श्रमातून त्याच्या गोतावळ्याचे त्या दिवसाचे जेवण निघाले ते श्रम राष्ट्राच्या हिशेबवहीत कोठेच जमा होत नाहीत. या एका उणिवेचा पाठपुरावा करण्यात ज्या अभ्यासकाने आपल्या आयुष्याची चार दशके घातली, त्या प्राध्यापक जॉन ऑल्टमन यांच्या कार्याचा परिचय मराठी वाचकांस व्हावा असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण रानावर जगणाऱ्या माणसाच्या उपजीविकेचा विचार आपल्याकडेही अद्याप बव्हंशी अशाच रकान्यांच्या आधारे होतो.

ऑल्टमन यांचा जन्म हायफाचा, शिक्षण न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात, आणि विषय अर्थशास्त्र. १९७६ साली ते ऑस्ट्रेलियात आले, तो काळ त्या देशातील आदिवासींच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा होता. १९६७ च्या सार्वमतापर्यंत तेथील राज्यघटनेत असे एक कलम होते की, देशाच्या लोकसंख्येची मोजदाद करताना आदिवासी हिशेबात धरू नयेत. ते कलम त्या सार्वमताने काढून टाकण्यात आले. पुढे १९७६ साली ‘नॉर्दर्न टेरिटरी’ या प्रांतासाठी आदिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला, आणि १९३१ पासून राखीव प्रदेश म्हणून सरकारच्या ताब्यात असलेले आर्नहेम लँड, महाराष्ट्राच्या जवळजवळ एकतृतीयांश एवढा विस्तीर्ण मुलूख, त्याच्या मूळ मालकांच्या मालकीचे झाले. माणसे मोजली जाऊ लागली होती आणि जमीनही परत मिळू लागली होती. परंतु ही माणसे जगतात कशावर, हा प्रश्न पद्धतशीरपणे कोणी विचारला नव्हता. मेलबर्न विद्यापीठात जॉन न्यूएनहायसेन या अर्थशास्त्रज्ञांच्या समवेत ऑल्टमन यांनी उपलब्ध आकडेवारी गोळा केली, आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या आर्थिक स्थितीविषयीचा त्या दोघांचा ग्रंथ १९७९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. उत्पन्न, रोजगार, घरे, आरोग्य, शिक्षण, यांपैकी कोणतेही माप लावले तरी आदिवासी समाज तळाशीच आढळतो, हे त्या ग्रंथाने निर्विवाद दाखविले.

याच ठिकाणी बहुतेक अर्थशास्त्रज्ञ थांबले असते. दारिद्र्याचे मोजमाप झाले, आता निवारणाचे उपाय सुचवावयाचे, ही त्या शास्त्राची रूढ वाट होती. परंतु ज्या दूरच्या वस्त्यांत पैसा जवळजवळ नाही आणि तरीही माणसे उपाशी नाहीत, तेथील अर्थव्यवहाराविषयी आपल्या कोष्टकांना काहीच सांगता येत नाही, ही जाणीव ऑल्टमन यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी कॅनबेऱ्याच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या विभागात पीएच. डी.साठी नाव नोंदविले, आणि १९७९ साली ते मुमेका नावाच्या कुनिंजकूंच्या एका लहानशा वस्तीत राहावयास गेले.

मुमेका हे मनिनग्रिडाच्या दक्षिणेस आहे. मनिनग्रिडा येथे १९४९ साली सरकारने एक व्यापारी ठाणे उघडले व १९५७ साली तेथे कायमची वसाहत बसविली. आजूबाजूच्या रानांतील नाना भाषा बोलणारे समूह तेथे एकत्र आणावेत, त्यांना शाळा, दवाखाना व काम द्यावे आणि गोऱ्या समाजाचे वळण लावावे, असा त्या वेळच्या समावेशनाच्या धोरणाचा हेतू होता. कुनिंजकू लोक तेथे गेले खरे, परंतु रमले नाहीत. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी, आणि त्यांच्यासारख्या इतर अनेक समूहांनी, आपापल्या पूर्वजांच्या भूमीवर परत जाऊन छोट्या वस्त्या उभारल्या. लोकांच्या स्वतःच्या पुढाकाराने घडलेले हे पुनरागमन विसाव्या शतकातील आदिवासींच्या इतिहासातील एक अत्यंत थोर घटना आहे असे मी मानतो. आणि ऑल्टमन यांचे सारे पुढील कार्य या पुनरागमनाची आर्थिक बाजू समजून घेण्याचा व सरकारला समजावून देण्याचा प्रयत्न होय.

मुमेकात राहून त्यांनी केलेले काम सांगावयास सोपे, करावयास अतिशय जिकिरीचे होते. ऋतूंच्या पूर्ण चक्रात वस्तीत जे जे अन्न येई त्याची त्यांनी नोंद ठेवली: काय मारले, काय पकडले, काय खणून काढले, त्याचे वजन किती, ते कोणी आणले, आणि ते कोणाकोणात वाटले गेले. पावसाळ्यानंतर पाणथळीत उतरणारे काळेपांढरे रानहंस, चिखलात रुतून बसलेली लांब मानेची कासवे, वॉलबी, रानकंद, नदीतला बॅरामंडी, जो आपल्या रायगड जिल्ह्याच्या खाड्यांत जिताडा म्हणून ओळखला जातो तोच मासा, आणि एकोणिसाव्या शतकात आशियातून आणलेल्या व पुढे रानटी झालेल्या म्हशी, अशा सर्वांचे वजन, पोषणमूल्य आणि किंमत त्यांच्या वहीत उतरली. दुसऱ्या बाजूस दुकानातून येणारे पीठ, साखर, चहा, तंबाखू यांचा खर्च आणि सरकारी भत्त्यांची आवक यांचाही हिशेब त्यांनी मांडला. निष्पन्न झाले ते असे की, रोख आणि बिनरोख मिळून वस्तीच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे ६४ टक्के भाग शिकार, मासेमारी व वेचणी यांतून येत होता, सुमारे २६ टक्के सरकारकडून आणि उरलेले १० टक्के चित्रे व हस्तव्यवसायाच्या विक्रीतून. आहाराचा विचार करता उष्मांकांपैकी निम्म्याहून थोडे कमी, परंतु प्रथिनांपैकी ८१ टक्के रानातून मिळत होती. ज्या समाजाला सरकारी दप्तरात शंभर टक्के परावलंबी म्हणून गणले जात होते, तो समाज आपल्या पोषणाचा मोठा भाग स्वतःच्या हिमतीवर मिळवीत होता.

त्या दहा टक्क्यांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या विचाराचे बीज तेथेच आहे. कुनिंजकू चित्रकार झाडाच्या सालीवर चित्रे काढतात. पावसाळ्यात झाडात रस भरलेला असताना स्ट्रिंगीबार्क नावाच्या निलगिरीवर्गीय वृक्षाची साल कुऱ्हाडीने वर-खाली छेदून अखंड सोलून काढावयाची. ती विस्तवावर धरून तिची गोलाई मोडावयाची, आणि दगडांच्या ओझ्याखाली दाबून कित्येक दिवस सपाट होऊ द्यावयाची. मग तांबडी-पिवळी गेरू, कोळसा आणि पांढरी माती दगडावर घासून रंग करावयाचे, आणि गवताच्या एका लांब काडीच्या तंतूंपासून केलेल्या कुंचल्याने सर्व आकृती केसाएवढ्या बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी भरून काढावयाची. या रेषांचे मूळ संस्कारविधींत आहे; ज्याला त्या विधीचा आणि त्या भूमीचा अधिकार आहे त्यानेच त्या काढावयाच्या असतात. म्हणजे चित्र पॅरिसच्या बाजारात विकले जाते, ते काढण्याचा अधिकार कुळपरंपरेतून येतो, आणि मधली सोय, म्हणजे खरेदी, नोंद, वाहतूक आणि विक्री, सरकारी अनुदानावर चालणारे मनिनग्रिडाचे कलाकेंद्र करते. याच समूहातील एका चित्रकाराचे रेखाटन २००६ साली उघडलेल्या पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाच्या इमारतीत कायमचे रंगविले गेले. हा व्यवहार बाजाराचा म्हणावा, परंपरेचा म्हणावा, की सरकारी म्हणावा? ऑल्टमन यांचे म्हणणे असे की तो एकाच वेळी तिन्ही आहे, आणि त्यांपैकी एक आधार काढून घेतला तर उरलेले दोन त्याला सावरू शकत नाहीत.

पीएच. डी. १९८२ साली पूर्ण झाली व तिच्यावर आधारलेला ‘हंटर-गॅदरर्स टुडे’ हा ग्रंथ १९८७ साली आला. मधल्या काळात त्यांनी धोरणाच्या क्षेत्रात पाऊल टाकले होते. भूमिहक्काच्या कायद्याप्रमाणे जमिनीखालच्या खनिजांची मालकी सरकारकडेच राहिली, तथापि खाणीस नकार देण्याचा हक्क आदिवासी मालकांना मिळाला आणि खाणींपासून सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वशुल्काएवढी रक्कम एका खास निधीत जमा होऊ लागली. तिच्यातले ४० टक्के आदिवासींच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या भूमिमंडळांसाठी, ३० टक्के प्रत्यक्ष खाणग्रस्त मुलखातील लोकांसाठी, आणि बाकीची रक्कम प्रांतातील सर्व आदिवासींसाठी. ही रक्कम नुकसानीची भरपाई समजावयाची की मालकीचा मोबदला, हा प्रश्न कायद्याने संदिग्धच ठेवला होता. १९८४ साली या निधीच्या कारभाराची तपासणी ऑल्टमन यांच्याकडे सोपविण्यात आली, आणि १९८९ साली आदिवासी कला व हस्तव्यवसायांची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. जमिनीचा सातबारा, आपल्या भाषेत बोलावयाचे तर, हाती आला तरी जमिनीवरील व जमिनीखालील संपत्तीचा हक्क आल्याखेरीज विकासाची भाषा पोकळ ठरते, हा त्यांचा आग्रह या काळात पक्का झाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. तो झगडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या आग्रहाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

१९९० साली ऑस्ट्रेलियन नॅशनल विद्यापीठात आदिवासी आर्थिक धोरण संशोधन केंद्र स्थापन झाले आणि ऑल्टमन त्याचे संस्थापक संचालक झाले. हे पद त्यांनी २०१० पर्यंत सांभाळले. केंद्राचा पैसा मुख्यतः सरकारी खात्यांकडून येई, आणि केंद्राचे काम त्याच खात्यांच्या धोरणांची परीक्षा करण्याचे होते; हा तोल वीस वर्षे राखणे ही सामान्य गोष्ट नव्हे. आरंभीच एक मोठी कसोटी समोर होती. आदिवासी रोजगाराची पाहणी करणाऱ्या मिलर समितीच्या १९८५ च्या अहवालानंतर १९८७ साली सरकारने आदिवासी रोजगार विकास धोरण जाहीर केले होते, आणि २००० सालापर्यंत रोजगार व उत्पन्न यांत आदिवासी व इतर नागरिक यांच्यात संख्यात्मक समानता आणण्याचा संकल्प सोडला होता. खानेसुमारीमागून खानेसुमारी तपासून केंद्राच्या अभ्यासकांनी दाखविले की हे उद्दिष्ट मुदतीत साध्य होणे नाही. २००८ साली ‘अंतर मिटविण्या’च्या नावाने नवे संकल्प सोडण्यात आले तेव्हाही ऑल्टमन यांनी निकोलस बिडल व बॉइड हंटर या सहकाऱ्यांसह जुन्या गतीचे गणित मांडले आणि कित्येक बाबतींत अंतर मिटावयास दशकेच्या दशके लागतील असा इशारा दिला. रोजगारातील अंतर दहा वर्षांत निम्मे करण्याची मुदत २०१८ साली संपली. उद्दिष्ट गाठले गेले नव्हते.

ज्या एका योजनेचा ऑल्टमन यांनी आयुष्यभर कैवार घेतला ती सामुदायिक विकास रोजगार प्रकल्प योजना १९७७ साली सुरू झाली. योगायोग असा की महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदाही त्याच वर्षी मंजूर झाला, आणि दोहोंतील साम्य व भेद दोन्ही उद्बोधक आहेत. आपल्या हमीत मजूर काम मागतो आणि काम कोणते ते सरकारी यंत्रणा ठरविते. ऑस्ट्रेलियातील योजनेत एखाद्या वस्तीतील सर्वांचा मिळून जेवढा बेकारीभत्ता झाला असता, अंदाजे तेवढी रक्कम व वर कारभाराचा खर्च, वस्तीच्या संघटनेस एकरकमी मिळे. आणि तिने आठवड्यातील साधारण दोन दिवसांच्या कामाचे वेतन म्हणून ती लोकांना द्यावयाची, काम कोणते हे तिने स्वतः ठरवावयाचे. बसून मिळणारा पैसा नको, ही तक्रार खुद्द अनेक आदिवासी वडीलधाऱ्यांचीच होती, आणि तिच्यातून ही योजना निघाली. मनिनग्रिडाच्या बाविनंगा संघटनेने तिचा विनियोग मोठ्या कल्पकतेने केला: रस्ते, घरदुरुस्ती, रोपवाटिका, चित्रकला, वनरक्षकांचे पथक, आणि दूरच्या वस्त्यांत राहून भूमीची निगा राखणे, ही सर्व कामे वेतनास पात्र ठरली. दोन दिवसांचे वेतन हाती असल्याने काडतुसे, मासेमारीची दोरी आणि गाडीचे तेल विकत घेता येई. उरलेल्या दिवसांत शिकार होई. अभ्यासकाच्या वहीतील ६४, २६ आणि १० टक्के येथे एकमेकांना हात देत होते. ऐन भरात या योजनेत देशभर सुमारे ३५ हजार माणसे होती.

या अनुभवातून २००१ साली ऑल्टमन यांनी ‘संमिश्र अर्थव्यवस्थे’ची मांडणी केली. राज्यसंस्था, बाजार आणि परंपरागत उपजीविका अशी तीन वर्तुळे एकमेकांना छेदतात, त्यांतून सात विभाग होतात, आणि दूरच्या आदिवासी मुलखातील खरी उत्पादकता वर्तुळे जेथे एकमेकांवर येतात त्या चार विभागांत असते. आकृती इतकी साधी की शाळकरी मुलास कळावी. परंतु तिच्यामुळे प्रथमच रानहंसाची शिकार, सालीवरचे चित्र आणि वनरक्षकाचा पगार एकाच कागदावर मांडता आले. पश्चिम आर्नहेम लँडमधील वणवा नियंत्रणाचा प्रकल्प हे तिचे उत्तम उदाहरण ठरले. कोरड्या हंगामाच्या आरंभी, गवत अजून ओलसर असताना, ठिकठिकाणी लहान आगी लावून रान मोकळे करण्याची रीत तेथे प्राचीन काळापासून आहे; माणसे भूमी सोडून गेली तेव्हा ती खंडली, आणि हंगामाअखेरचे प्रचंड वणवे सुरू झाले. २००६ साली डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी १७ वर्षांचा करार झाला: सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर मुलखात जुन्या रीतीने आगी लावून वर्षाकाठी एक लाख टन कर्बवायूच्या तोलाचे उत्सर्जन टाळावयाचे, आणि त्याबद्दल दरसाल सुमारे दहा लाख डॉलर घ्यावयाचे. जुन्या ज्ञानाला आधुनिक बाजाराने रोख मोल दिले.

ऑल्टमन यांचे टीकाकार सामान्य नव्हते, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. केप यॉर्कचे आदिवासी नेते नोएल पिअर्सन यांनी २००० पासून सातत्याने मांडले की भत्त्यावरचे जिणे समाजाचा कणा मोडते, आणि मुलांनी शाळा शिकून खऱ्या अर्थव्यवस्थेत उतरलेच पाहिजे. अर्थतज्ज्ञ हेलन ह्यूज यांनी २००७ साली सामूहिक जमीनमालकी व दूरच्या वस्त्या यांनाच दुःस्थितीचे कारण ठरविले. पीटर सटन हे तर स्वतः मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी २००९ साली आपल्याच पिढीच्या अभ्यासकांवर ठपका ठेवला की वस्त्यांतील हिंसा आणि मुलांची दैना त्यांनी पुरेशा स्पष्टपणे सांगितली नाही. ह्यूज यांचे निदान मला पटत नाही. सटन यांच्या आक्षेपाचे वजन मात्र मान्य करावे लागते. ऑल्टमन यांची मांडणी उपजीविकेविषयी जेवढी समर्थ आहे तेवढी घराच्या आत काय चालते याविषयी नाही. शिवाय मुमेकाभोवती आहे तशी सुपीक पाणथळ आणि तशी चित्रपरंपरा प्रत्येक वाळवंटी वस्तीला लाभलेली नाही. इतके मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर टीकाकारांनी मला पटेल असे दिलेले नाही: जेथे नोकऱ्याच नाहीत तेथे ‘खऱ्या नोकरी’साठी माणसाने नेमके काय करावयाचे?

२१ जून २००७ रोजी पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत आणीबाणीचा हस्तक्षेप जाहीर केला. निमित्त मुलांवरील अत्याचारांविषयीच्या अहवालाचे होते. सैन्य पाठविण्यात आले, वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता तहकूब झाला, साठाहून अधिक वस्त्यांच्या जमिनी पाच वर्षांच्या सक्तीच्या पट्ट्याने सरकारने घेतल्या, आणि भत्त्यातील निम्मी रक्कम ठराविक वस्तूंवरच खर्च करता येईल असे बंधन आले. रोजगार प्रकल्प योजनेचे पैसे वेतन या सदरात मोडत असल्याने त्यांवर हे बंधन घालता येत नव्हते. म्हणून योजनाच मोडावयाचे ठरले. ऑल्टमन यांनी मेलिंडा हिंक्सन यांच्यासह त्याच वर्षी ‘कोअर्सिव्ह रिकन्सिलिएशन’ हा लेखसंग्रह संपादित करून प्रसिद्ध केला. सरकारी अनुदानावरच्या संस्थेचा प्रमुख असताना, लोकमताची लाट उलट दिशेने वाहत असताना, हे पुस्तक काढावयास जे धैर्य लागते त्याबद्दल मला ऑल्टमन यांच्याविषयी नितांत आदर आहे.

पुढे सरकार बदलले, योजनेला काही काळ जीवदान मिळाले, पण २००९ पासून नव्या माणसांना वेतनाऐवजी भत्ता मिळू लागला आणि २०१५ साली ती पूर्णपणे संपली. तिच्या जागी आलेल्या कार्यक्रमात आठवड्याचे पाच दिवस, २५ तास, नेमून दिलेल्या ठिकाणी हजेरी लावावयाची सक्ती होती, आणि हजेरी चुकली की भत्ता कापला जाई. शिकारीला जावयाचे तर हजेरी बुडते, हजेरी लावावयाची तर दूरची वस्ती सोडावी लागते. बाविनंगा संघटना २०१२ साली आर्थिक अडचणीत सापडून सरकारनियुक्त प्रशासकांच्या हाती गेली होती. त्यानंतरच्या लेखनात ऑल्टमन यांनी मोठ्या व्यथेने नोंदविले की मुमेकाची माणसे अधिकाधिक काळ मनिनग्रिडात अडकून पडत आहेत, बंदुकांचे परवाने व गाड्या यांअभावी रानात जाणे अवघड झाले आहे, आणि जेथे १९७९ साली पोट भरलेले होते तेथे दुकानाच्या पिठासाखरेवर अर्धपोटी राहण्याची पाळी आली आहे. वस्तीतील प्रत्येकास विनाअट मूलभूत उत्पन्न द्यावे, म्हणजे शिकार, चित्र व भूमीची निगा ही कामे त्यांची त्यांना करता येतील, अशी मागणी ते त्यामुळे करू लागले.

हजेरीची सक्ती २०२१ साली उठली. २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलिया सरकारने दूरच्या मुलखासाठी नवी योजना जाहीर केली. तीन वर्षांत ३,००० नोकऱ्या, योग्य वेतनाच्या, आणि कोणते काम करावयाचे हे ठरविण्यात स्थानिक समूहांस वाव. दोन दिवसांच्या वेतनाची जुनी योजना जेव्हा चालू होती तेव्हा तिच्यात माणसे होती ती याच्या दसपटीहून अधिक. कलाकेंद्र चालू आहे, वनरक्षकांची पथके हंगामाच्या आरंभी आगी लावावयास अजूनही निघतात. आणि वस्तीवर राहून शिकारीवर घर चालविणारा मनुष्य खानेसुमारीत, पूर्वीप्रमाणेच, तिसऱ्या रकान्यात आहे.